ओमाणाची शाल

कार्यक्रम आठचा होता. दहा वाजले तरी
आमदारांची गाडी फाट्याच्या अलीकडंच म्हणे.
आम्हा सातजणांना पहिल्या रांगेतून उठवून
चौथीत बसवलं. पुढं टॉवेल टाकलेल्या खुर्च्या आल्या.
बेळगुंदीची डिसेंबरची थंडी,
हवेत मळणीचं भूस,
कोटावरची पदकं बोटांना बर्फागत.
कल्लाप्पा बिर्जेचा कोट नातवाच्या लग्नातला.
पदकं त्यानं रात्री दंतमंजनानं घासलेली.

दगडावर पडदा. पडद्याआड नावं दोन लिपींत.
कुठली वर, कुठली खाली,
यावर पंचायतीच्या तीन सभा मोडल्या.
शेवटी पाथरवटानं शेजारी शेजारी कोरली
न् म्हणाला, मेल्याचं काय,
तो दोन्हींकडनं गप्पच.

धाकटे सरकार आले. संस्थान कधीच गेलं,
फेटा राहिला. तलवार म्यानात गंजून अडकलेली,
ती तशीच काखेत धरून नारळ वाढवला त्यांनी.
मग टॉवेलची खुर्ची सोडून
माझ्या शेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले,
सुभेदार, आमच्या पणज्यानं बसऱ्याच्या लढाईला
ह्या पट्ट्यातली चौसष्ट माणसं धाडली. मोजून.
बदल्यात विलायतेहून एक बिल्ला आला.
अजून दिवाणखान्यात आहे. पुसायला हात होत नाही.
मी काय बोलणार?
म्हणालो, चहा सांगू?

आमदार आले. चपला काढू की नको,
दगडापाशी पळभर अडखळले. ते मला बरं वाटलं.
भाषणात त्यांनी 'सीमा' म्हणताच
मागच्या खुर्च्या कुरकुरल्या.
ते देशाच्या सीमेबद्दल बोलत होते.
इथं हा शब्द जपून टाकावा लागतो.
मग म्हणाले, रक्ताचा थेंब न् थेंब.
मी थेंब पाहिले नव्हते.
मी पाहिला चिखल, आणि चिखलात ओमाणाचा एक बूट,
नाडी सैल,
कारण रात्री मीच म्हणालो होतो,
पाय सुजलाय तर सैल बांध.

मग हुतात्म्यांची यादी वाचली.
तिसरं नाव माझं.
रवळू मोनाप्पा हुंदरे.
कोण दचकलं नाही. सगळे उभे राहिले.
मीही राहिलो. दोन मिनिटं.
मान खाली घातली की आपलेच पाय दिसतात,
आणि एक मुंगळा,
आणि खरं सांगतो, मला त्या रवळूचं वाईट वाटलं,
एकवीस वर्षांचा, दातात काडी धरून
शिट्टी वाजवायचा.

नंतर सत्कार. माईकवर कारकून:
माजी सैनिक ओमाणा सावगावकर, बर्री, वर या.
कागदावर आमची अदलाबदल झालेली.
कल्लाप्पानं कोपर मारलं. जा की गा.
गेलो.
आमदारांनी शाल घातली, मायेनं विचारलं, वय किती काका?
एकवीस, मी म्हणालो.
एक्काहत्तर? वाटत नाही हं, असं म्हणून
फोटोकडं बघून हसले.

ओमाणाच्या बायकोनं पुढच्याच साली
हलशीला दुसरं घर केलं. बरं केलं.
आईही गेली. घराच्या जागी आता
कुणाचे तरी काजू वाळत असतात.
शाल द्यायची कुणाला?

सांजेला परत दगडाकडं गेलो.
मराठीत ओमाणा होता. मी नव्हतो.
दगड कागदापेक्षा शहाणा.
दुसरी लिपी मला वाचता येत नाही, म्हणून
सायकलवरच्या एका पोराला थांबवलं.
त्यानं बोट फिरवत वाचलं: ओमण्णा.
परत वाच म्हटलं. परत ओमण्णाच.
माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा होता तो.
माझे दोन रुपये द्यायचा होता, साबणाचे.
कन्नडात अण्णा झाला.

घरी सून म्हणाली, घ्या की अंगावर, गारठा आहे.
शालीला किमतीची चिठ्ठी तशीच: दोनशे चाळीस.
असू दे, म्हणालो, माझी नाही.
मग रात्री कधीतरी
पायांवर घेतली.